अक्षरं गिळणारा कीबोर्ड

आजची नोंद वायरलेस कीबोर्डची. अक्षरं गळायला लागली की सगळे आधी सेल बदलतात. सेल बहुतेकदा ठणठणीत असतात; गोची असते ती डोंगलच्या, म्हणजे कीबोर्डचे निरोप पकडणाऱ्या यूएसबीच्या बोटभर तुकड्याच्या, जागेची.

डोंगल खोचलेला असतो सीपीयूच्या मागे, पत्र्याआड, निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टात, आणि शेजारीच बॅकअपची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची वायर आणि पोर्ट काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि डोंगलचा कीबोर्ड बोलतो तोही तिथेच. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर काळ्या पोर्टात लावावी आणि डोंगल टेबलावर, कीबोर्डपासून हातभर अंतरावर आणावा.

इंग्रजीत गळलेलं अक्षर लाल रेघेने पकडून दिलं जातं. मराठीत फसगत होते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळमांडणीवर 'कर्म' म्हणजे के, जे, डी, सी. त्यातली डी, म्हणजे हलन्त, पोचली नाही की 'करम' उमटतं आणि नजर त्यावरून सरळ पुढे जाते. 'स्त्री'ला सहा कळा, त्यात डी दोनदा!

उलटा प्रकार 'आईईईईई'चा. कळ दाबल्याचा निरोप पोचतो, सोडल्याचा वाटेत हरवतो. कॉम्प्युटर समजतो, बोट अजून कळीवरच आहे. उपाय तोच, डोंगल जवळ आणायचा.

काही वेळ हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो. ब्लूटूथवाला पुन्हा जोडला जाईपर्यंत पहिली एक-दोन अक्षरं गायब होऊ शकतात. म्हणून आधी शिफ्ट दाबावी, क्षणभर थांबावं, मग लिहावं. स्पेस नको, ती उमटते. (शिफ्टही लागोपाठ पाचदा नको, विंडोज स्टिकी कीजची खिडकी उघडतं.)

चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे. त्यामुळे चार्जिंगचे भरलेले सेल घालूनही काही कीबोर्ड लाल दिवा दाखवतात. दिवा खोटा बोलतो, टायपिंग चालू ठेवावं. नवा-जुना सेल मात्र एकत्र घालू नये. महिनाभर कीबोर्ड वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी पूड जमते. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावावं, फसफसणं थांबलं की ओल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं करावं. कोकणातल्या पावसाळ्यात स्प्रिंग नुसत्या दमटपणानेही गंजते.

जुना वायरवाला कीबोर्ड भंगारात देऊ नका. विंडोज बिघडून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जायची वेळ आली की ब्लूटूथवाला सहसा ढिम्म हलत नाही.