तुम्ही विचारलंत म्हणून: स्वयंपाकघरावर सीलिंग का नाही घातलं?

राजापूर तालुक्यातलं आमचं सासरचं घर दुरुस्त केल्यापासून येणारा प्रत्येक पाहुणा नव्या स्वयंपाकघरात येतो, ओट्यावरून हात फिरवतो आणि मग मान वर करतो. वर छपराचे उतरते वासे, आडव्या तुळया, माथ्यावरचं आढं, सगळं उघडं. पुढचा प्रश्न ठरलेला: "सगळं नवीन केलंत, मग वर सीलिंग का नाही घातलंत? की पैसे संपले?" मुंबईचे असतील तर सीलिंग म्हणतात, गावातले असतील तर "स्लॅब टाकून मोकळं व्हायचं ना वहिनी" म्हणतात. अलीकडे तिसराही प्रकार सुरू झालाय. पुण्याहून आलेली भाची म्हणाली, "मामी, किती भारी! आमच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला अशाच तुळया लावून घेतल्यात, आतून पोकळ." तिला काय सांगणार!

प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी स्लॅबचं. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मंगलोरी कौलांचं जातं चाळीस-पंचेचाळीस किलो. जुन्या भिंतींवर हा बोजा टाकायचा तर आधी खांब उभे करावे लागतात, म्हणजे पायापासून नवं घरच बांधायचं. आणि एवढं करून आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस स्लॅबला सोडतो का? रस्त्याने जाताना बघा, दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्लॅब टाकलेल्या निम्म्या घरांवर आता लोखंडी सांगाडा आणि पत्रे दिसतील. आधी कौलं काढून स्लॅब टाकायचा, मग स्लॅब गळतो म्हणून वर पुन्हा उतरतं छप्पर करायचं. हा खर्च मला करायचा नव्हता.

पीओपीच्या सीलिंगबद्दल मात्र घरात खरंच वाद झाला. दिरांचं म्हणणं होतं, वरून कचरा पडतो, पाली आहेत, बंद करून टाकू. त्यात चूक काही नव्हतं. उघड्या छपराखाली रांधायचं म्हणजे कोळिष्टकं, पालीची लेंडी, वाऱ्याबरोबर कौलांच्या फटीतून येणारी माती, सगळं पातेल्यात पडू शकतं. सासूबाईंच्या हाताला अजून सवय आहे, भांडं चुलीवरून उतरवायच्या आधी झाकण शोधतात. पण हे जुनं स्वयंपाकघर तसं का होतं हे बघितल्याशिवाय ते बंद करणं मला पटत नव्हतं.

ते उंच होतं चुलीसाठी. धूर वर जायचा, वाशांत फिरायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. जाता जाता बरीच कामं करायचा. तुळईला टांगलेली पुढच्या वर्षाची बियाणी, भोपळ्याची, पडवळाची, मक्याची कणसं, त्याच्यामुळे किडीपासून वाचायची. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, बेगमी दमट हवेतही कोरडी राहायची. लाकडावर काजळीचा जाड थर बसायचा, ऊब कायम असायची, त्यामुळे वाळवी आणि लाकूड पोखरणारा भुंगा तिकडे फिरकायचे नाहीत. आमच्या घरात माजघराचे वासे एकदा बदलून झालेत, स्वयंपाकघराचे मूळचेच आहेत. लाकूड तेच, किंजळ आणि फणस, वयही तेच. त्या धुराने किती बायकांचे डोळे आणि छाती खराब केली तो वेगळा विषय, आणि मला चुलीचं प्रेम अजिबात नाही. आमची चूल आता मागच्या पडवीत गेली आहे, पाणी तापवायला आणि फणसाच्या दिवसांत आठळ्या भाजायला.

पण चूल बाहेर काढली की छपराचा पहारेकरीही बाहेर गेला, हे लोक विसरतात. गॅस येतो, धूर थांबतो, लाकूड दमट व्हायला लागतं, आणि नेमकं त्याच वेळी खालून सीलिंग घालून सगळं नजरेआड करतात. वर उंदीर, उंदरांमागून धामण, एखाद्या कोपऱ्यात वटवाघळं. कौल सरकलं तर पाणी सीलिंगवर साठतं, डाग पडतो तेव्हा वासा आधीच भिजून कुजलेला असतो. ओळखीतल्या एका घरात पंख्यासकट सीलिंग खाली आलं, तेव्हा कुठे कळलं की वरची भाल, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, वाळवीने पोकळ केली होती. माझं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर हे: मला रोज दिसायला हवं.

दिसतं म्हणजे कसं, ते सांगते. ओट्याला काळा ग्रॅनाइट घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात गॅसच्या डाव्या बाजूला सकाळी पिवळसर बारीक भुगा पडलेला दिसायला लागला, नाचणीच्या पिठापेक्षाही बारीक. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. वर बघितलं तर नेमक्या त्या जागेवर वाशाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. भुंगा. शिडी लावून भोकांत इंजेक्शनच्या सुईने औषध सोडलं, बाहेरून बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाणी ब्रशने दोनदा मारलं. भुगा थांबला. वर सीलिंग असतं तर हाच भुगा पीओपीवर साठत राहिला असता, कोणाला पत्ता नसता.

कचऱ्यावर उपाय मात्र लागणारच होता. तो जुनाच आहे, कोकण-गोव्यात आणि खाली केरळपर्यंत करतात: सीलिंगची कौलं. सपाट, पातळ असतात, एका अंगाला बहुतेक नक्षी असते. वाशांवरच्या रिपांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, आधी ही घालायची, नक्षी खाली करून, आणि त्यांच्यावर मंगलोरी. दोन्हींमध्ये हवेची पोकळी राहते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी कौलांची झळ खाली कमी येते. माती, पालापाचोळा वरच्या वर अडतो. आणि वासे-तुळया खालून जशा दिसायच्या तशाच दिसतात. ज्यांना उघडं छप्परही हवं आणि आमटीत कचराही नको, त्यांना मी हेच सांगते. फक्त वजन वाढतं, म्हणून लाकूड आधी तपासून घ्यायचं. आणि सगळी कौलं उतरवावी लागतात, तेव्हा काम एप्रिलात सुरू करून पाऊस लागायच्या आत आटपायचं.

लाकूड तपासणं हे या सगळ्यातलं मुख्य काम. ओटा, टाइल्स, ट्रॉल्या हे कोणीही करून देतं. आमच्या सुतारकाकांनी दोन दिवस दुसरं काहीच केलं नाही, हातोडीच्या दांड्याने एकेक वासा वाजवत फिरले. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूची खूण. बहुतेक खुणा कुठे झाल्या? भिंतीत शिरलेल्या टोकांना आणि वळचणीला. मधलं लाकूड काळं कुळकुळीत पण लोखंडासारखं टणक होतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते आणि तुळईचं टोक त्या ओलीत वर्षानुवर्षं बसलेलं असतं, वारा नाही, ऊन नाही. एका तुळईच्या टोकात काकांनी टोच्या खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. अख्खी तुळई टाकायची गरज नव्हती. खाली टेकू देऊन कुजलेलं टोक कापलं, जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, आरपार बोल्ट मारले. भिंतीत बसवताना खाली दगडाची फळी दिली आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, लाकडाला वारा लागावा म्हणून. टोकाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. हे तेल हातमोज्यांशिवाय लावू नका, कातडी भाजते.

आता तुळयांबद्दल, कारण हल्ली फोटो बघून लोक याच्या उलट मागणी करतात: "या आडव्या तुळया काढून टाकू, म्हणजे वर अजून मोकळं वाटेल." आमच्या आर्किटेक्टनेही एकदा विषय काढला होता. काकांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, ती काढायची तर मला कामावरनं सोडा." आढ्याला टेकू देणारा खुंट त्या तुळईवर उभा असतो, हे एक. दुसरं, छपराचे दोन्ही पाख, म्हणजे उतार, भिंतींना बाहेर ढकलत असतात. शेवाळलेल्या अंगणात पाय फाकवून उभं राहिलं की दोन्ही पाय बाहेर सरकायला बघतात, तसं. तुळई दोन भिंतींना बांधून ठेवते. ती कापली की पहिल्या पावसाळ्यात काही होणार नाही कदाचित, पण हळूहळू भिंतीच्या माथ्याला भेग पडेल, आढं मधे बसेल. तुळई काढायचीच असेल तर तिच्या जागी लोखंडी कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, किंवा ताण घेणारा गज हवा, आणि तो हिशोब इंजिनिअरने करायचा, इन्स्टाग्रामने नाही.

काजळीचं काय केलं, हाही प्रश्न असतो. पॉलिश पेपरने घासून लाकूड पिवळं करा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. नाही केलं. सुटी काजळी काथ्याच्या ब्रशने झाडली, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून घेतलं. तेव्हा जे पाणी गळतं ते कॉफीच्या रंगाचं असतं आणि कपड्यांवरून जात नाही, तेवढं लक्षात ठेवा. रंग काळाच राहिला. मला आवडतो. नुसता काळा म्हणून नाही, त्यावर वाळवीची मातकट वाट पटकन नजरेत येते.

बाकीच्या गोष्टी भराभर. चिमणी भिंतीवरची घेतली आणि तिचा पाइप भिंतीतूनच आडवा बाहेर काढला. कौलांतून पाइप वर काढायचा मोह आवरा, तिथे गळणारच. शेगडीपासून चिमणीची उंची अडीच फुटांच्या आत ठेवली, छप्पर कितीही उंच असो. सिलिंडर बाहेर. "वर एवढं मोकळं आहे, गॅस गळला तरी निघून जाईल" असं मला एका शिकलेल्या माणसाने सांगितलं. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो. म्हणून ओट्याखाली, फरशीच्या जरा वर, बाहेर जाणारे जाळीचे झरोके ठेवलेत. दिवे तुळईवरून टांगले तर दिसायला छान, पण चिरताना आपल्याच डोक्याची सावली विळीवर. ओट्यावरच्या फळीखाली पट्टीचे दिवे लावले, टांगलेला एकच, तो जेवायच्या टेबलावर. वायरिंग पाइपातून, तुळईच्या वरच्या अंगाने, उंदीर कुरतडतात म्हणून. काचेची दोन कौलं घातली, ती चालायच्या जागेवर. ओट्यावर घातली असती तर भर दुपारी पोळ्या करताना ऊन थेट टाळूवर.

एक गैरसोय आहे आणि ती कायमची आहे. जुन्या घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, भालेपर्यंतच असतात, वर सगळं घर एक. त्यामुळे स्वयंपाकघरात तळलेले बोंबील ओटीवर बसलेल्याला कळतात, मिक्सर लावला की माजघरातला टीव्ही बंद करावा लागतो, आणि जावा-जावांना काही बोलायचं असेल तर विहिरीवर जावं लागतं. सासूबाई पलंगावरून विचारतात, "लसणीची फोडणी दिलीस ना, हिंगाची का नाही?" वर लाकडी फळ्या लावून ती जागा बंद करता आली असती. मग वारा फिरला नसता. आम्ही आवाज सोसायचं ठरवलं.

खर्चाचं विचाराल तर ओटा आणि ट्रॉल्यांपेक्षा छपराला जास्त लागले. लोक उलटं करतात, ओट्यावर सगळं घालवतात आणि छपराला उरलंसुरलं.

सीलिंगचं उत्तर हे असं आहे. माकडांचं मात्र माझ्याकडे नाही. पूर्वी वानरं बागेपर्यंत यायची, आता फणसावरून थेट छपरावर उड्या मारतात आणि दर उडीला एखादं कौल जातं. गावातली निम्मी कौलारू घरं पत्र्याकडे वळली ती पावसामुळे नाही, यांच्यामुळे. दरवर्षी कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, हे दुसरं कारण. आम्ही पडवीत जादा कौलं रचून ठेवलीत, पण एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्याच्यामागून किनाऱ्यावर कितीतरी निघाले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव छापलेलं असतं. आमच्या कौलांवर तीन सूर्य आणि खाली घासलेली अक्षरं आहेत, तो कारखाना कधीच बंद पडला. तेव्हा तुमच्याकडे कोणी जुनं घर पाडत असेल, तर डंपर यायच्या आधी एक कौल उलटं करून फोटो पाठवा. न्यायला आम्ही येऊ.