आधी खाण, मग कारखाना: वेल्समधल्या दिनोर्विगला जाणाऱ्यांसाठी

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही ह्लानबेरिसला गेलो ते घाईनेच. तिथलं नॅशनल स्लेट म्युझियम नोव्हेंबरपासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद होणार असं कळलं होतं आणि बाबांना ते दाखवायचंच होतं. बाबांनी उभं आयुष्य लेथवर काढलं. किल्ले, राजवाडे त्यांना दहा मिनिटांत पुरे होतात, पण जुनं मशीन दिसलं की पाय निघत नाही.

गाव उत्तर वेल्समध्ये, स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी. रेल्वेचं जवळचं मोठं स्टेशन बँगर. तिथून किंवा कायरनार्वनहून बस मिळते. गावात उतरलात की पादार्न तलावापलीकडे एलिडिर डोंगर दिसतो, आणि तो डोंगर आहे की कुणी अर्धवट कोरलेला जिना आहे असा प्रश्न पडतो. पायथ्यापासून पार वरपर्यंत पायऱ्या कापल्या आहेत आणि प्रत्येक पायरी एखाद्या इमारतीएवढी उंच आहे. ही दिनोर्विगची पाटीच्या दगडाची खाण. १७८७च्या सुमारास इथे व्यापारी खोदकाम सुरू झालं, १९६९मध्ये थांबलं. भरभराटीच्या काळात तीन हजारांहून जास्त माणसं इथे कामाला होती.

आपल्या पिढीने अक्षरं गिरवली ती पाटी याच जातीच्या दगडाची. इथला दगड मात्र मुख्यतः छपरांसाठी गेला. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा चिखल प्रचंड दाबाखाली आला, त्यातले खनिजांचे कण एका दिशेला लागले, आणि म्हणून हा दगड पानं सुटावीत तसा चिरतो. पुढे जे काही बघाल ते सगळं या एका गुणावर उभं आहे.

आता आमची चूक सांगते. आम्ही सकाळी थेट म्युझियममध्ये शिरलो आणि खाण दुसऱ्या दिवसावर टाकली. क्रम उलटा हवा होता. म्युझियम म्हणजे खाणीचा दुरुस्ती कारखाना, गिल्वाख दी नावाच्या जागेवर १८७०मध्ये बांधलेला. मधे चौक, चारी बाजूंनी इमारती, दारावर घड्याळाचा मनोरा. लोहारशाळा, ओतशाळा, इंजिनांची शेड, सुतारकाम, सगळं एका आवारात. वरच्या खाणीत रूळ, वॅगन, साखळ्या, चाकं रोज मोडायची आणि ती इथे दुरुस्त व्हायची. वर काय चालायचं हे पाहिलेलं नसेल तर खालची मशीनं नुसती सुंदर वाटतात. ती कशासाठी होती ते पोचत नाही.

तरीही त्या पहिल्या दिवसाबद्दल तक्रार नाही, कारण बाबा. मुख्य हॉलमध्ये छताखालून एक लांब शाफ्ट जातो, त्यावर पुल्या, आणि पुल्यांवरून खाली प्रत्येक मशीनपर्यंत पट्टे. बाबांनी मान वर करून तो शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिला. मी विचारलं, “बाबा, तुमच्याकडे असंच होतं?” ते म्हणाले, “मी लागलो तेव्हा प्रत्येक मशीनला मोटर आली होती. पण माझे उस्ताद अशाच पट्ट्यांवर शिकले होते. पट्टा निसटला की काय व्हायचं ते सांगायचे.” मग त्यांनी स्वतःचा डावा अंगठा न्याहाळला आणि पुढे गेले.

हे सगळं फिरवणारं पाणचाक मागच्या बाजूला आहे. व्यास १५.४ मीटर. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर याहून मोठं पाणचाक नाही. कायरनार्वनच्या डी विंटन कंपनीने ते केलं, डोंगरावरून नळाने आणलेल्या पाण्यावर ते चालायचं. १९२५मध्ये पेल्टन चाक, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोतावर फिरणारं लहान चाक, आलं आणि मोठ्या चाकाला विश्रांती मिळाली. आम्ही गेलो तेव्हा ते फिरत होतं, अगदी सावकाश, आणि आवाज अपेक्षेपेक्षा खूप कमी. तिथे पायऱ्या ओल्या असतात, कठडा धरूनच चाला.

ओतशाळेजवळची पॅटर्नची खोली चुकवू नका, कारण बरेच लोक दारातूनच वळतात. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करून ती वाळूत दाबतात आणि पडलेल्या साच्यात रस ओततात. त्या सगळ्या लाकडी प्रतिकृती भिंतींवर टांगलेल्या आहेत: तळहाताएवढ्या खुंटीपासून माणसाहून उंच दातेरी चाकापर्यंत. बाबा म्हणाले, “ही खोली म्हणजे या कारखान्याचं डोकं. मशीन गेलं तरी पॅटर्न असेल तर मशीन परत होतं.” हे सगळं टिकून राहिलं यामागे खाणीचे अभियंते ह्यू रिचर्ड जोन्स यांचा मोठा वाटा आहे. खाण बंद होऊन यंत्रं लिलावात निघाली तेव्हा ती वाचवायला ते धडपडले, आणि १९७२मध्ये इथे म्युझियम उघडलं.

दगड चिरण्याचं प्रात्यक्षिक दिवसातून काही ठरावीक वेळा होतं. आत शिरताच वेळ विचारून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती बेता. कारागिराने मांडीला टेकवून एक ठोकळा धरला, रुंद पात्याची छिन्नी बरोबर मध्यावर लावली आणि लाकडी हातोडीने दोन-तीन हलके ठोके दिले. ठोकळा पुस्तकासारखा उघडला. मग त्या अर्ध्याचे पुन्हा मधोमध दोन, त्यांचे पुन्हा दोन. कडेने पातळ काप काढत गेलं तर दगड वाकडा फुटतो, म्हणून दर वेळी निम्मं करायचं. तयार कौलांना मापाप्रमाणे नावं आहेत: चोवीस बाय बारा इंच म्हणजे डचेस, वीस बाय दहा म्हणजे काउंटेस, सोळा बाय आठ म्हणजे लेडी. उमरावांच्या बायकांची नावं आणि ती कौलं घडवणाऱ्यांची घरं, हा विरोध तुम्हाला पन्नास पावलांवर बघायला मिळतो.

ती घरं म्हणजे फ्रॉन हॉल नावाची चाळ. तानग्रिशाय गावातून दगड न् दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभी केलेली. तीन घरं तीन काळांतली मांडली आहेत. पहिलं १८६१चं, दुसरं १९०१चं, बेथेस्डा या दुसऱ्या खाणगावातलं, तिसरं १९६९चं ह्लानबेरिसमधलं, खाण बंद झाली त्या वर्षीचं. सगळ्यात जास्त वेळ मधल्या घराला द्या. बेथेस्डाच्या पेन्रिन खाणीत नोव्हेंबर १९०० ते नोव्हेंबर १९०३ असा तीन वर्षं संप चालला. संपकऱ्यांनी खिडक्यांत पाट्या लावल्या: ‘या घरात गद्दार नाही’. ज्यांच्या खिडकीतून ती पाटी उतरली त्यांच्याशी गावाने बोलणं टाकलं. त्या लहानशा खोलीत उभं राहून मला ती पाटी लावणाऱ्यापेक्षा ती उतरवणाऱ्याचाच विचार जास्त आला. घरात खाणारी तोंडं किती असतील त्याच्या?

दुसऱ्या दिवशी खाणीत. इथे दोन वाटा आहेत. एक म्युझियमजवळच्या पाण्याने भरलेल्या विवियन खाणीपासून नागमोडी वर जाते, चांगलीच खडी. दुसरी वर दिनोर्विग गावातून, बस जिथे वळते तिथून सुरू होते आणि बरीचशी सपाट चालत थेट खाणीच्या काठावरच्या प्रेक्षणीय जागी पोचते. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर दुसरीच वाट घ्या. आम्ही तीच घेतली. बाबा त्याच वाटेने परतून बसने खाली गेले, मी एकटी नागमोडी वाटेने उतरले.

वर बोलणं आपोआप थांबतं. दोन्ही बाजूंना टाकाऊ दगडाचे डोंगर. एक टन विकाऊ कौल निघायला दहा टनांपर्यंत दगड वाया जायचा, आणि तो जायचा कुठे? इथेच, पायाखाली. कड्यांच्या पायऱ्यांना कामगारांनी नावं दिली होती. एकीचं नाव ऑस्ट्रेलिया आहे. उतारांवरून वॅगन उतरवायला इंजिन लागत नसे. भरलेली वॅगन खाली येताना दोराने रिकामीला वर ओढायची. विवियनजवळ असा एक उतार दुरुस्त करून ठेवला आहे, तो उतरताना बघा.

वाटेत अँगल्सी बराक्स लागतात. झाडीत समोरासमोर दोन ओळी, प्रत्येकीत अकरा खोल्या, छपरं गेलेली. अँगल्सी बेटावरून येणारे कामगार सोमवारी पहाटे घर सोडायचे, शनिवारी दुपारी परतायचे, मधले दिवस इथे. पाणी नाही, वीज नाही. १९४८मध्ये आरोग्य निरीक्षक न कळवता आला आणि त्याने त्या राहण्यास अयोग्य ठरवल्या. मी तिथे वीसेक मिनिटं बसले. एका खोलीची चूल अजून ओळखू येते.

खाली उतरल्यावर थोड्या चढावर खाणीचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. तेही आता संग्रहालय आहे, पण त्याच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून आधी चौकशी करा. मी तिथे जाईपर्यंत म्युझियममधली एक गोष्ट मला खटकत होती आणि ती काय ते कळत नव्हतं. ती धूळ होती. कारखाना झाडूनपुसून लख्ख आहे. चिरणाऱ्यांच्या शेडमध्ये पूर्वी समोरचा माणूस दिसायचा नाही इतकी धूळ असायची आणि ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस व्हायचा. खाणमालकांच्या पगारावरचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत राहिले की धूळ अपायकारक नाही, दोष उकळून काळ्या केलेल्या चहाचा आहे. सरकारी भरपाईचा कायदा झाला १९७९मध्ये, ही खाण बंद पडल्यावर दहा वर्षांनी. संध्याकाळी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “आम्हालाही मास्क शेवटच्या पाच वर्षांतच मिळाले.” इतकी वर्षं त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: नूतनीकरणानंतर म्युझियमची मांडणी बदललेली असू शकते, तेव्हा उघडं आहे का आणि कधी, हे अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच तिकिटं काढा. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश विनामूल्य होता, गाडी लावायचे पैसे पडतात. म्युझियम बंद असलं तरी खाणीच्या पायवाटा बघण्यासारख्या आहेतच. २०२१पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका दिवसात दोन्ही करायचं असेल तर सकाळच्या बसने वर दिनोर्विगला जा, खाण बघत खाली उतरा, दुपारी म्युझियम, आणि शेवटी हॉस्पिटल. पाऊस धरूनच चाला, कारण ओला पाटीचा दगड साबणासारखा निसरडा होतो. खोल खाच्यांचे तळवे असलेले बूट हवेत. कुंपणापलीकडे पायऱ्यांवर चढलेले लोक दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. तिथले दगड सुटे आहेत आणि आत जायला बंदी आहे. डोंगराच्या पोटात १९८४पासून वीजकेंद्र चालतं, त्याच्या रस्त्यांवरही शिरू नका.

आणि गावाकडे परतण्याच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्या. वर खाणीत मोबाइलला रेंज येईलच असं नाही.