मूळ पान कशाला ठेवता?

“मॅडम, घरी झालेल्या मृत्यूची माहिती टॅबवर थेट इंग्रजीत भरायची सोडून गुजरातीत पानभर लिहून का घेता? वाचतं कोण?” हे विचारणारे दरवर्षी नव्या बॅचबरोबर येतात. नातेवाइकांचा प्रश्न जरा वेगळा, सूर तोच. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलीस, घरात मराठी, डॉक्टर झालीस इंग्रजीत, मग गुजरातीचा एवढा पुळका कुठून आला? परवा लग्नाच्या पंगतीत मावशीने श्रीखंड वाढता वाढता विचारलं, तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत, तर एकदाच काय ते लिहून टाकते.

पुळका वगैरे काही नाही. माझे पेपर इंग्रजीतच छापून येतात. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, जे सापडत नाही ते बढतीच्या फाइलीत मोजलं जात नाही, आणि मलाही बढती हवी होती. तेव्हा भाषेचा झेंडा माझ्या हातात देऊ नका. माझं म्हणणं एवढंच, की घरात मेलेल्या माणसाची हकीकत घरच्यांनी ज्या क्रमाने सांगितली तो क्रम कुठेतरी जसाच्या तसा शिल्लक राहायला हवा.

आपल्याकडे कितीतरी मृत्यू घरीच होतात, डॉक्टर जवळ नसतो. मग सर्वेअर घरी जातो, ठरलेले प्रश्न विचारून खुणा करतो आणि खाली अर्धं पान घरच्यांचं बोलणं लिहितो. याला आम्ही व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी बघणाऱ्या भारताच्या रजिस्ट्रार जनरलच्या नमुना नोंदणीवर जो ‘मिलियन डेथ स्टडी’ झाला, त्यात हे अर्धं पान स्थानिक भाषेत होतं, आणि ती भाषा वाचता येणाऱ्या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. २०१० साली त्यातून आकडा आला, भारतात सत्तरीच्या आतले मलेरियाचे मृत्यू वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा १५ हजार धरत होती. त्यावर वाद झाला, ताप काय कशानेही येतो असा संघटनेचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. पण २०११ मध्ये साप चावून वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं मरतात हे त्याच अर्ध्या पानांतून निघालं. दवाखान्यांच्या नोंदीत त्याच्या जवळपासही आकडा नव्हता. साप चावलेला माणूस दवाखान्यापर्यंत पोचला तर नोंद होणार ना!

आता ते एक घर. छोटा उदेपूरकडचं गाव, तेव्हा तो भाग बडोदा जिल्ह्यातच होता. आमच्या प्रकल्पाचा सर्वेअर तिथलाच, राठवा समाजातला, बी.ए. झालेला मुलगा. मी देखरेखीला गेले होते. पावसाळ्यात नवरा गेलेली बाई खाटेच्या पायाशी बसून सांगत होती. तो जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री पोटात कळ आली म्हणून तिने ओवा दिला. पहाटे तो म्हणाला, डोळे उघडत नाहीत. इथे ती थांबली आणि स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून तिने ती खाली ओढली, मग वर उचलून दाखवली. तो असा बोटाने पापणी उचलून पोरांकडे बघत होता म्हणे. मग थुंकी गिळता येईना, आवाज नाकातून यायला लागला, श्वास तुटायला लागला. जीपमध्ये गेला. साप कुणी पाहिला नव्हता, अंगावर खूण नव्हती.

मण्यारीचा दंश असाच असतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावलेलं फारसं दुखत नाही, खूण दिसेल न दिसेल. आधी पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळणं, मग श्वास. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखेल. सर्वेअरने सगळं लिहिलं होतं, पापणी उचलण्यासकट. त्याला साप-बीप काही सुचलं नव्हतं, त्याने फक्त ऐकलेलं उतरवलं.

‘साप चावला का’ या प्रश्नापुढे मात्र ‘नाही’ अशी खूण झाली, कारण तिने साप पाहिला नव्हता. कोडिंग, म्हणजे पान वाचून मृत्यूचं कारण ठरवणं, बाहेरच्या शहरात होतं आणि तिथल्या डॉक्टरांना गुजराती वाचता येत नव्हतं, म्हणून एका कंत्राटदाराने प्रत्येक पानाचा दोन ओळींचा इंग्रजी सारांश करून दिला. त्यात आलं: रात्री पोटदुखी, धाप, दवाखान्यात नेताना मृत्यू. दोघांनीही हृदयविकार ठरवला. सारांश वाचून मीही तेच ठरवलं असतं. मी मूळ पान गुजराती वाचणाऱ्यांकडे पाठवा म्हणून मेल केले, मीटिंगमध्ये बोलले. सगळे अगदी सभ्यपणे वागले. फ्री टेक्स्ट, म्हणजे हे मोकळं लिहिलेलं बोलणं, ॲनालिसिसमध्ये नाही, वेळ नाही, बजेट नाही, आणि एका केसने टक्केवारी हलत नाही. मुदत संपल्यावर मूळ प्रपत्रं नष्ट झाली, तीही नियमानेच. सारांश अजून आहेत. पुढे त्या गावातल्या आशाताईंनी विचारलं, आमच्या गावात काय सापडलं? सापाच्या विषावरचं औषध कुठल्या आरोग्य केंद्रात किती ठेवायचं हे आकड्यांवर ठरतं. मच्छरदाणी खोचून खाटेवर झोपा, हे सांगायलाही मण्यार गावात आहे हे कागदावर लागतं. मी काय सांगणार होते त्यांना?

कॉलेजात असताना गणेशोत्सवातल्या वादस्पर्धेत मी ‘विज्ञानाची भाषा एकच हवी’ या बाजूने बोलून बक्षीस आणलं होतं. ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, जानेवारी २००४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याचं चिनी भाषेत छापलं, आणि जागतिक संस्थांना ते कळायला ऑगस्ट उजाडला. इंग्रजीत छापलं असतं तर? मी म्हणते, त्यांनी छापलं होतं, वाचणारा नेमलेला नव्हता. तंबाखू आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं जर्मनीत १९३९ आणि १९४३ मध्ये मांडलं गेलं, जगाने ते १९५० पासून इंग्रज आणि अमेरिकन संशोधकांकडून ऐकलं. त्यात नाझी राजवटीचा डाग हेही कारण होतं, सगळं खापर भाषेवर फोडता येत नाही, हे ती मला ऐकवते आणि बरोबरच ऐकवते.

तिचा पुढचा टोला जास्त लागतो. ती बाई बोलत होती राठवीत, राठवा लोकांच्या बोलीत, तुझ्या सर्वेअरने लिहिलं गुजरातीत. मग ‘मूळ पान’ कसलं? खरं आहे. २००९-१० मध्ये बडोदा जिल्ह्यातल्या डभोई, शिनोर आणि कवांट तालुक्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हाची संमतिपत्रं गुजरातीत होती. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात त्यांच्यावरचे अंगठे मोजलेले आहेत, हजारोंनी. स्थानिक भाषेत कागद दिला की काम झालं असं मानणाऱ्यांत माझ्यासारखेही येतात. राठवी लिहायची कशी, वाचेल कोण, याची तयारी आम्ही केलेली नाही. तेजगढच्या आदिवासी अकादमीत या भाषांवर काम चालतं, पण आमच्या विभागातून तिथे कुणी शिकायला गेल्याचं मला माहीत नाही.

नवी बॅच म्हणते, ऑडिओ रेकॉर्ड करा, मशीन भाषांतर करेल. करू या ना. राठवीचं करून दाखवा आधी. आणि दुखवट्याच्या घरात फोन चालू करून पुढ्यात ठेवायला परवानगी कशी मागायची, तेही मला शिकवा.

तोवर मी अर्धं पान लिहून घेतेच. सर्वेअर कुरकुरतात, एका घराला पाऊण तास जास्त लागतो, त्यांचा भत्ता तेवढाच. नव्या प्रस्तावात मी गुजराती वाचणाऱ्या दोन डॉक्टरांचं मानधन आणि राठवी जाणणाऱ्या एकाचा पगार घातलाय. पैसे देणाऱ्यांकडून शेरा आला आहे: ‘खर्चाचं समर्थन द्या.’ समर्थन इंग्रजीत, दोनशे शब्दांच्या आत मागितलं आहे. तो मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि पापणीचं त्यात कसं बसवायचं ते जमत नाहीये.