मुंबईच्या एलिझाबेथची वायोमिंगमधील वाट

अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या मध्यभागातून स्वीटवॉटर नावाची लहान, वळणावळणाची नदी वाहते. तिच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर दर उन्हाळ्यात लोक गटागटाने लाकडी हातगाड्या ओढत चालतात. बायका घोट्यापर्यंतचे घागरे आणि कापडी टोपडी घालतात, पुरुष रुंद काठाच्या टोप्या घालतात, आणि प्रत्येकाच्या मनात 1856 साली या वाटेने गेलेल्या एखाद्या माणसाचे नाव असते. हे बहुतेक सारे मॉर्मन या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाचे अनुयायी असतात आणि आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ चालतात. मी त्या पंथाची नाही. पुण्यात वाढलेली, माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चाललेली आणि आता सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात राहणारी मी त्यांच्यात सामील झाले ती एलिझाबेथ झेवियर टेट या बाईसाठी. ती मुंबईत जन्मली होती, आणि माझ्या शेजारी राहणाऱ्या सत्तरीच्या बाईंची ती खापरपणजी.

शेजारीणबाईंच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते खरेच वाटेना. हातगाड्यांच्या तांड्यातील लोक इंग्लंड, स्कॉटलंड आणि डेन्मार्कमधून आलेले असत, एवढे मला ठाऊक होते. त्यांच्यात मुंबईची एक तरुण स्त्री असेल अशी कल्पनाही मी केली नव्हती. पण दुवा खरा आहे. 1852 साली ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी पुण्याच्या लष्करी छावणीत त्याने आपल्या पंथाची एक छोटी मंडळी उभी केली. लष्करी अधिकाऱ्यांना त्याचे काम पसंत नव्हते आणि स्थानिक लोकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. जे थोडे लोक त्याच्या मागे गेले त्यांत बहुतेक गोरे सैनिक आणि त्यांच्या घरची माणसे होती. एलिझाबेथचा नवरा विल्यम टेट हाही सैनिकच. ज्या छावणीच्या रस्त्यांवरून मी शाळेत जात होते, तेथे युटाला, म्हणजे सॉल्ट लेक सिटी जिथे आहे त्या मॉर्मनांच्या मुलखात, जाण्याविषयी कधी काळी बोलणे झाले असेल, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. ते मला माझ्या शेजारीणबाईंनी सांगितले.

विल्यम आधी युटाला निघून गेला आणि एलिझाबेथ मागाहून एकटी निघाली. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. मुंबईहून इंग्लंड, आणि मग 4 मे 1856 रोजी लिव्हरपूलहून ‘थॉर्न्टन’ जहाजाने न्यूयॉर्क, तेथून आगगाडीने आयोवा सिटी, असा तिचा प्रवास झाला. या प्रवासातच तिची तान्ही मुलगी गेली. ही हकिकत सांगताना शेजारीणबाई दर वेळी थोड्या थांबतात, आणि मीही पुढचे विचारत नाही.

आयोवा सिटीपासून सॉल्ट लेक सिटी सुमारे 2,100 किलोमीटर आहे. बैलगाडीचा खर्च न परवडणाऱ्या भाविकांनी हातगाडी ओढत हे अंतर चालून जावे, ही योजना पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांची. युटात पिके बुडाली होती, स्थलांतरासाठी जमवलेला निधी आटला होता, आणि युटाला येण्यासाठी आतुर झालेले गरीब लोक युरोपात वाट पाहत होते. 1856 ते 1860 या काळात अशा दहा तुकड्या निघाल्या आणि त्यांतून सुमारे 3,000 लोक चालले. बहुतेक तुकड्या सुखरूप पोचल्या, हेही सांगितले पाहिजे, कारण दोन तुकड्यांच्या हालअपेष्टांमुळे बाकीच्यांची आठवण झाकली जाते. एलिझाबेथ त्या दोनांपैकी एकीत होती. जेम्स विली हे तिचे कप्तान. पाच माणसांमागे एक गाडी, वीस माणसांमागे एक तंबू, आणि प्रत्येकाला अंथरूण, कपडे, भांडी मिळून सुमारे 8 किलो सामान नेण्याची मुभा, असा हिशोब होता.

आमच्या गटालाही गाड्या मिळाल्या. दोन मोठी चाके, मध्ये उथळ पेटी, पुढे दोन दांडे आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा, एवढाच तिचा घाट. दोघांनी आडव्या दांड्याच्या आत उभे राहून छातीने रेटायचे आणि बाकीच्यांनी मागून ढकलायचे. सपाटीवर ती सहज चालते. वाळूत मात्र चाके रुततात आणि मग प्रत्येक पावलाला खांदा लावावा लागतो. आमच्या गाड्या वाळलेल्या लाकडाच्या आणि नीट वंगण घातलेल्या होत्या. विलीच्या तुकडीच्या गाड्या घाईने ओल्या लाकडात केलेल्या असल्याने मैदानावरच्या कोरड्या हवेत त्यांची लाकडे आकसली, धुरे झिजले, आणि दुरुस्तीत दिवसामागून दिवस गेले. नेब्रास्कात त्यांचे तीसएक बैल रानात पळाले आणि सापडले नाहीत, तेव्हा बैलगाड्यांतले पीठही हातगाड्यांवर चढवावे लागले.

वारीत चालताना माणसाला काही गोष्टींची सवय होते. दर काही मैलांवर गाव येते, कोणी चहा घेऊन उभे असते, कोणी पाय चेपून देते, संध्याकाळी तळावर गरम भाकरी मिळते. सबंध मुलूखच वारकऱ्याला उचलून धरतो. स्वीटवॉटरच्या काठाने चालताना मला सर्वांत अधिक जाणवले ते हे की येथे मुलूख माणसाला काहीच देत नाही. गुडघाभर उंचीची राखाडी झुडपे क्षितिजापर्यंत पसरलेली, उत्तरेला विंड रिव्हर पर्वतांवर जूनमध्येही बर्फ, सतत तोंडावर येणारा वारा, आणि नदीजवळ डासांचे थवे. सावलीसाठी झाड नाही. आमच्यासाठी ठरलेल्या जागी पाण्याच्या टाक्या होत्या, स्वयंपाकाची गाडी पुढे गेलेली होती, डॉक्टर सोबत होते. एलिझाबेथच्या तुकडीला नेब्रास्कात दररोज माणशी एक पौंड पीठ मिळत होते. ऑक्टोबरच्या मध्यावर ते बायकांना 9 औंस, म्हणजे साधारण पाव किलो, इतके उतरले होते. दिवसभर गाडी ओढून पाव किलो पिठावर झोपायचे आणि पहाटे पुन्हा उठायचे, हे मला चालता चालता समजू लागले. घरी बसून ते केवळ आकडे होते.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. आपली वारी जाते आणि परत येते. आषाढी झाली की पादुका आळंदीला परततात, वारकरी पेरणीच्या, लावणीच्या कामाला लागतो, घरच्यांना प्रसाद देतो. एलिझाबेथच्या वाटेला परतवारी नव्हती. तिने मुंबई सोडली ती कायमची. आईवडिलांचे घर, समुद्र, ओळखीची भाषा, जेवणाची चव, सगळेच एकदम. मी स्वतः दर दोनतीन वर्षांनी पुण्याला जाते, रोज आईशी बोलते, तरी या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात मला फार एकटे वाटले होते. तिने ते एकटेपण पायी चालत, मुलीचे दुःख पोटात घेऊन सोसले, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या शेकडो माणसांत तिच्या घराविषयी बोलता येईल असे फारसे कोणी नव्हते.

एक माणूस मात्र होता. तुकडीतील एका गटाचे प्रमुख लेव्हाय सॅव्हेज मिशनरी म्हणून कलकत्त्याला आणि पुढे ब्रह्मदेशात राहून नुकतेच परतले होते. ऑगस्टच्या मध्यावर नेब्रास्कातील फ्लॉरेन्स येथे पुढे जावे की हिवाळाभर थांबावे याची चर्चा झाली तेव्हा, म्हातारे, अशक्त माणसे आणि लेकरे घेऊन इतक्या उशिरा डोंगर ओलांडायला निघालो तर लोक मरतील, असे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. तेव्हा, तुम्ही जाणारच असाल तर मीही येईन, मदत करीन, तुमच्याबरोबर सोसेन आणि वेळ आली तर मरेन, असे म्हणून ते निघाले. माझ्या मते निघण्याचा तो निर्णय चुकीचा होता, आणि तसे म्हटल्याने चालणाऱ्यांच्या श्रद्धेला कमीपणा येत नाही. शेजारीणबाईंनाही मी हे सांगितले. त्यांच्या घराण्यात सॅव्हेज यांचे नाव कप्तानाच्या आधी घेतले जाते, असे त्या म्हणाल्या.

या यात्रेतील एक प्रथा माझ्या मनात फार खोल गेली आहे. एका चढाच्या पायथ्याशी सर्व पुरुषांना आणि मुलग्यांना बाजूला बोलावतात. ते वाटेच्या दोन्ही कडांना टोप्या काढून उभे राहतात आणि बायका, मुली एकट्याने गाड्या वर ओढतात. कोणी बोलत नाही. मी आडव्या दांड्याच्या आत होते आणि शेजारीणबाई मागून हात लावून होत्या. चढ फार उंच नव्हता, पण वाळू भुसभुशीत होती आणि मध्यावर गाडी थांबली. मागच्या गाडीवरच्या दोन मुली आपली गाडी टेकवून धावत आल्या, त्यांनी चाकांच्या आऱ्यांना हात घातला, आणि गाडी हलली. बाजूला उभ्या असलेल्या एका बापाचे डोळे आपल्या मुलीकडे पाहताना भरून आलेले मी पाहिले; त्याला पुढे येण्याची मनाई होती. एलिझाबेथसाठी हे सोंग नव्हते. तिच्या पूर्ण वाटेवर तिचा नवरा सोबत नव्हता, आणि तिची गाडी ज्यांनी तिच्याबरोबर ओढली त्या अनोळखी हातांचे ऋण तिच्या वंशजांनी आजपर्यंत मानले आहे. शेजारीणबाईंनी वर पोचल्यावर त्या दोन मुलींना जवळ घेतले.

19 ऑक्टोबर 1856 रोजी हिमवादळ आले तेव्हा विलीच्या तुकडीचे पीठ संपलेले होते. कप्तान विली आणि एक सोबती मदत शोधायला बर्फातून पुढे गेले. सॉल्ट लेक सिटीत या तुकड्या अजून वाटेवर असल्याचे 4 ऑक्टोबरला कळले होते. दुसऱ्याच दिवशी ब्रिगहॅम यंग यांनी भरसभेत प्रवचन बाजूला ठेवून गाड्या, खेचरे, पीठ आणि गाडीवान मागितले, आणि 7 तारखेला पहिली गाडी निघाली. बायकांनी सभेतच अंगावरचे लोकरीचे कपडे, मोजे उतरवून दिले असे सांगतात. या गाड्या 21 तारखेला स्वीटवॉटरकाठच्या उपाशी तळावर पोचल्या. पण हाल तेथे संपले नाहीत. 23 तारखेला सबंध तुकडीला रॉकी रिज नावाची खडकाळ धार चढावी लागली.

आम्ही ती धार जूनमध्ये स्वच्छ उन्हात चढलो. जमिनीतून खडकांच्या कडा तिरक्या वर आलेल्या आहेत, त्यांवर चाक एकदा चढते आणि धाडकन खाली पडते, आणि दर धक्क्याला दांडा छातीवर आदळतो. उंची दोन हजार मीटरच्या वर असल्याने दम लवकर लागतो. त्या दिवशी तेथे गुडघाभर बर्फ होते, वारा समोरून होता आणि सुमारे 24 किलोमीटरची मजल होती. सॅव्हेज सर्वांत मागे राहून पडलेल्यांना गोळा करत होते; शेवटची माणसे पहाटे पाचच्या सुमारास रॉक क्रीकच्या तळावर आली. जेम्स कर्कवूड हा अकरा वर्षांचा स्कॉटिश मुलगा चार वर्षांच्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन हे अंतर चालला. त्याने भावाला शेकोटीपाशी उतरवले आणि तो स्वतः तेथेच गेला. सकाळी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरले. नंतर आणखी दोघे गेले.

रॉक क्रीकच्या खोलगटात आता त्या नावांचा दगड आहे आणि बाजूने झुळझुळ ओढा वाहतो. गटातील मुलांनी एकेक नाव वाचले, मी कर्कवूडचे वाचले. एलिझाबेथचे नाव त्या दगडावर नाही, कारण ती जगली. शेजारीणबाई बराच वेळ दगडापाशी बसल्या होत्या. या पंधरा जणांतले कोणी तरी आपल्या खापरपणजीशी त्या आठवड्यात बोलले असेल, तिला हात दिला असेल, म्हणून आपण त्यांच्यासाठीही येतो, असे त्या म्हणाल्या. मी वारीत विणेकऱ्यांच्या पाया पडते तशी त्या दगडासमोर वाकले. कोणालाही ते वावगे वाटले नाही.

विलीची तुकडी मदतीच्या गाड्यांतून 9 नोव्हेंबरला सॉल्ट लेक सिटीत पोचली. सुमारे 500 माणसांपैकी सत्तरच्या आसपास वाटेत गेली होती. एलिझाबेथचे जायचे ठिकाण त्याहून आणखी 400 किलोमीटर दक्षिणेला होते. सीडर सिटी ही लोखंडाच्या खाणींसाठी 1851 मध्ये वसवलेली वस्ती, उंच, कोरडी, हिवाळ्यात बर्फाची. तेथे तिचा आणि विल्यमचा संसार पुन्हा उभा राहिला, मुले झाली, आणि त्या मुलांची मुले युटाभर पसरली. शेजारीणबाईंच्या घरी भिंतीवर वंशवृक्ष टांगलेला आहे, त्यात शेकडो नावे आहेत, आणि वरच्या एका फांदीवर एलिझाबेथच्या नावाखाली जन्मस्थान म्हणून मुंबई लिहिलेले आहे. येत्या डिसेंबरात त्या माझ्याबरोबर मुंबईला आणि पुण्याला यायच्या आहेत. पुण्याच्या छावणीतले जुने रस्ते त्यांना पायी पाहायचे आहेत, आणि गुडघा दुखत असला तरी रिक्षा नको, असे त्यांनी मला आधीच बजावले आहे.