शंभर डॉलरची आमदारीणबाई

2024 च्या ऑक्टोबरात एका शनिवारी इथे अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या माझ्या घरी दाराची बेल वाजली. मला वाटलं अ‍ॅमेझॉनवाला असेल. बघतो तर सत्तरीतल्या एक बाई, पायात चिखलाचे बूट, हातात पत्रकं, सोबत कोणी नाही. म्हणाल्या मी तुमची स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपल्या भाषेत आमदार, परत उभी राहतेय. मी आपला त्यांच्या मागे बघतोय, की गाड्या कुठायत, कार्यकर्ते कुठायत. एक जुनी सुबारू उभी होती, तीही त्यांनीच चालवत आणलेली.

मी सांगितलं, बाई मी व्हिसावर आहे, मला मत नाही. तर म्हणे, त्याने काय होतंय, राहतोस तर इथेच ना, आणि पत्रक दिलं. खाली फोन नंबर. ऑफिसचा का विचारलं, तर म्हणे ऑफिस कुठलं, घरचाय.

मग रात्री बसून वाचत राहिलो. न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या जेमतेम 14 लाख आणि खालच्या सभागृहात आमदार 400! म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आला. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राला 288, आमच्या एकट्या सांगोल्यात तीन लाखांवर मतदार. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि पगार वर्षाला 100 डॉलर, 1889 पासून तेवढाच. वर गाडीचं मायलेज मिळतं, पेन्शन नाही. आपल्याकडे एक टर्म केलेल्या माजी आमदाराची पेन्शन किती हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही, उगाच कशाला.

पण 100 डॉलरमध्ये राबणार कोण? ज्याचं पोट आधीच भरलंय तोच ना. म्हणून तिथे बरेचसे रिटायर्ड लोक दिसतात. कामावर जाणारा, पोरंबाळं असलेला माणूस दिवसाढवळ्या राजधानीला, काँकॉर्डला जाऊन बसणार कसा? यापेक्षा आपला पगार देण्याचा प्रकार बरा असं माझं मत आहे, आणि साधेपणा शिकवायचाच तर आम्हाला शिकवू नका, आम्ही आबासाहेबांच्या तालुक्यातले. गणपतराव देशमुख, शेकाप, 1962 ला पहिल्यांदा आणि 2014 ला अकराव्यांदा आमदार, दोनदा मंत्री, आणि तरी एसटीनं फिरणारा माणूस. 1972 आणि 1995 असे दोनदाच पडले, 95 ला तर फक्त 192 मतांनी. (आता मी आमचा सगळ्यात चांगला माणूस काढून त्यांच्या साध्या मेंबरशी तुलना करतोय हे मला कळतंय. करू द्या.)

192 चं मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर समोरचा म्हणाला 2022 ला इथे रॉचेस्टरच्या एका वॉर्डात दोघांना बरोब्बर 970-970 मतं पडली. आपल्याकडे चिठ्ठी टाकली असती. इथे फेब्रुवारी 2023 मध्ये लोकांना थंडीत परत मतदानाला बोलावलं. मी गप्प बसलो.

नोव्हेंबरात बाई निवडून आल्या. त्याच महिन्यात सांगोल्यातून आबांचे नातू डॉ. बाबासाहेबही आले, रात्रभर जागून निकाल बघितला, घरी व्हिडिओ कॉलवर गुलाल दिसत होता. चुलते मधेच म्हणाले, आता आठवण आली व्हय रं?

त्यांचा रोख 2019 वर असतो. तेव्हा आबांचे दुसरे नातू अनिकेत 768 मतांनी पडले. मी पुण्यात होतो, नाव सांगोल्याच्या यादीत. घरी सांगितलं सुट्टी मिळाली नाही. सुट्टी सगळ्यांनाच होती. पण सोमवार होता हो, एका दिवसात पुणे-सांगोला-पुणे कोण करणार, मंगळवारी सकाळी रिलीज होतं, आणि माझ्या एका मताने 768 चे 767 झाले असते, एवढंच.