देव उजव्या हाताला

कंबोडियातल्या अंकोरवाटच्या देवळात शिरताना माझी एक चप्पल निघाली होती. दुसरी काढणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, घाला ती. सगळे बूट घालूनच हिंडतायत." खरंच हिंडत होते. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, बूट. पश्चिम गोपुरात आठ हातांचा विष्णू उभा आहे. अंगावर पिवळं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्या. तिथं मात्र तिथली माणसं चपला काढून चटईवर बसतात. म्हणजे देव असेल तिथं अनवाणी आणि नुसता दगड असेल तिथं पायताण, असा सरळ हिशेब असावा. मला काही तो जमला नाही. चप्पल घातली, पण पुढचा तासभर पाय चोरासारखे पडत होते.

खंदक ओलांडून, तो लांबच लांब फरसबंद रस्ता तुडवून शिल्पांच्या ओवरीपाशी आलो आणि सवयीनं डावीकडे वळलो. डावीकडे वळलं की देव उजव्या हाताला येतो. यात विचार करण्यासारखं काय आहे? आजीच्या हाताला धरून देवळात जायचो तेव्हा धावण्याच्या नादात एकदा उलटा फिरलो होतो, तर तिनं दंडाला धरून जागच्या जागी गर्रकन फिरवलं होतं. "देव उजवीकडे!" महादेवाच्या देवळात तर आणखी भानगड. गोमुखी ओलांडायची नाही, तिथून मागं फिरायचं. हे सगळं पायांच्या स्नायूंत जाऊन बसलंय, डोक्याला विचारायला कुणी येत नाही.

गाईड मागून हाका मारत होता. इकडून नको, उजवीकडून चला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परदेशातला गाईड मला प्रदक्षिणा शिकवणार?

तर मला आधी लंकेचं युद्ध लागलं. माकडं राक्षसांना चावतायत, एकमेकांच्या अंगावर चढतायत. भिंतीवर श्वास घ्यायला जागा नाही. मग उत्तरेच्या ओवरीत बाणासुरावर चालून गेलेला कृष्ण, मग पूर्वेला समुद्रमंथन. हे मंथन जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, आणि सगळ्यांच्या मुठीत तो एक वासुकी. खाली पाण्यात मासे आणि मगरी, घुसळणीच्या जागेजवळ त्यांचे तुकडे झालेले. ते मासे मी बराच वेळ पाहत बसलो. अमृताच्या गोष्टीत माशांचं काय झालं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दक्षिणेच्या ओवरीत आधी नरक भेटला आणि मग गंमत झाली. सूर्यवर्मन दुसरा, ज्यानं बाराव्या शतकात हे सगळं बांधवून घेतलं तो, छत्र्यांच्या गर्दीत हत्तीवर उभा, आणि त्याचं अख्खं सैन्य माझ्यावर चालून येतंय. हत्ती, घोडे, भाले, सगळे समोरून. पर्यटकही समोरून. अरुंद ओवरीत मी एकटाच सगळ्यांना 'सॉरी, सॉरी' म्हणत अंग चोरत चाललेलो. शेवटी पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि त्याच्या पार टोकाला शरपंजरी पडलेले भीष्म. बायकोला म्हटलं, बघ, आधी रामायण, मग महाभारत. युगांच्या हिशेबानं आपलीच वाट बरोबर आहे. ती हसली नाही. तिच्या चपलेचा बंद तुटला होता.

गाईड तिथंच पायरीवर थांबलेला. न रागावता त्यानं सांगितलं की इथली शिल्पं उलट्या फेरीनंच वाचायची, देऊळ डाव्या हाताला ठेवून. शिवाय देवळाचं तोंड पश्चिमेला, मावळतीकडे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हे राजाचं समाधीमंदिर असावं.

अपसव्य, मी मनात म्हटलं.

वडील गेले तेव्हा खांद्यावर मडकं घेऊन मी असाच सवयीनं चिता उजव्या हाताला ठेवून वळलो होतो. गुरुजींनी काही न बोलता खांद्याला धरून मला उलटं फिरवलं. पहिल्या फेरीला भोक पाडलं, पाणी पाठीवरून ओघळलं. थंड होतं. तीन फेऱ्या. त्यानंतर आजवर मी कशाहीभोवती उलटा फिरलेलो नाही.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. बायको तुटकी चप्पल हातात घेऊन अनवाणीच पायरीवर बसली होती. "चला आता," ती म्हणाली.

"आलो," म्हणालो, आणि भीष्मांपासून पुन्हा चालायला सुरुवात केली. या खेपेला देऊळ डावीकडे होतं, आणि सैन्य माझ्याच बरोबर चाललं होतं.