जिथे कुणी राहत नाही, तिथे कुणाला विचारायचं?

नगररचनेचं काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला: "लोकसहभाग वस्तीत ठीक आहे हो. पण सरकारी कचेऱ्यांच्या भागात राहतंय कोण? तिथे विचारणार कुणाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ओव्हल मैदानाचं उदाहरण. दक्षिण मुंबईतलं 22 एकरांचं मैदान. पूर्वेला जुनं सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, पश्चिमेला आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या शैलीच्या इमारतींची रांग, मंत्रालय हाकेच्या अंतरावर. जमीन सरकारची, पण एके काळी तिथे कचरा आणि गर्दुल्ल्यांचा अड्डा होता. शेवटी समोरचे रहिवासी कोर्टात गेले आणि 1990च्या दशकात मैदानाची देखभाल त्यांनी अंगावर घेतली. आज रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, एवढं क्रिकेट चालतं. शेजारच्या काळा घोडा परिसरासाठी 1998 मध्ये संस्था उभी राहिली आणि महोत्सवाच्या पैशांतून जुन्या वास्तूंची डागडुजी झाली. 2018 मध्ये इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या, त्यामागेही रहिवासी संघटनांची वर्षानुवर्षांची खटपट आहे.

या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी एक गोष्ट सलते. हे केलं ते तिथे घर असलेल्यांनी. सरकारी भागातली खरी वर्दळ असते ती घर नसलेल्यांची: शिपाई, स्टॅम्पवाले, टायपिस्ट, चहावाले, आणि गावाहून कागद घेऊन आलेली माणसं.

मागे एकदा आम्ही एका मोठ्या कचेरीबाहेर फुटपाथवर नकाशा पसरून बसलो होतो. आत जायच्या पासाच्या रांगेतल्या एक मावशी शेजारी टेकल्या. रात्रीच्या एसटीने आलेल्या, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. विचारलं, "मावशी, इथे काय असायला हवं?"

"सकाळपासनं पाणीच पिले नाही, बाई. पिल्यावर जायचं कुठं?"

आमच्या नकाशावर दिवे होते, बाकं होती, झाडंही होती. शौचालय नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या टायपिस्टकाकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि बाकांच्या ओळीवर काट मारली. "साडेअकरापर्यंत सावली इथे असते. मग ऊन येतं आणि अख्खी रांग त्या भिंतीकडे सरकते. बाकं तिकडे टाका." तीस वर्षं त्याच जागी बसलेला माणूस. एवढी बारीक माहिती आमच्या एकाही सर्वेक्षणात आली नव्हती.

म्हणून माझं उत्तर असं: कामाच्या दिवशी, अकरा ते चार, फुटपाथवर बसून विचारायचं. रविवारच्या सभागृहातल्या बैठकीला ही माणसं येणार नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात खऱ्या, पण ती नोटीस मावशींच्या गावी पोचणार कशी? ती पासाच्या खिडकीवर, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत चिकटवावी आणि सूचना तिथल्या तिथे तोंडी सांगितली तरी लिहून घ्यावी, एवढं आम्ही अर्ज करून मागितलं आहे.